सगळ्या पुस्तकांत सासूबाई

मुलगी कॉलेजात गेली आणि मी नोकरीला लागले, तेव्हा महाल भागातल्या आमच्या घरात सगळ्यांत जास्त करमणूक सासूबाईंची झाली. "या वयात कम्प्युटर शिकून राहिली! दिवाळीपर्यंत टिकली तर मी पेढे वाटीन," म्हणाल्या. मी प्रोबेशनवर होते. मला ती नोकरी हवीच होती, आणि ते पेढे तर फारच.

काम होतं मशिनींची माहितीपुस्तकं लिहायचं. मिक्सर, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. पुस्तक म्हणे सलग लिहायचंच नाही, तुकड्यातुकड्यांनी लिहायचं. प्रत्येक तुकड्याला कंसातल्या खुणा: ही पायरी, हा इशारा. उघडलेली खूण बंद करायची. मी घरी डब्यांची झाकणं विसरते तशी तिथे खुणा विसरायची, आणि बोलणी दोन्हीकडे खायची. एकच इशारा सगळ्या पुस्तकांत लागत असेल तर तो एकदाच लिहायचा, पुस्तकं तिथूनच उचलून घेतात. मी मान डोलवली. कळलं होतं असं नाही.

सर म्हणाले, "इशाऱ्याच्या जागी सध्या काहीही टाका, नंतर बदलू." बाकीचे ‘टेस्ट टेस्ट’ टाकत. मला आपलं रोज कानावर पडतं तेच सुचलं. टाकलं आणि विसरले.

पुढच्या आठवड्यात सर घाम पुसत आले. मशीनवाल्या कंपनीला तपासायला गेलेलं मोटरीचं पुस्तक उघडलं. इशारा, ठळक अक्षरांत: "हात काहून टाकून राहिली वं? पह्यले बटन बंद कर!" मिक्सरचं उघडलं, तेच. वॉशिंग मशीनमध्येही सासूबाई! गेली नोकरी, म्हटलं.

त्या एका तुकड्यात जाऊन ओळ खोडली आणि रीतसर लिहिलं: ‘विद्युतपुरवठा खंडित केल्याशिवाय उपकरणात हस्तक्षेप करू नये.’ पुस्तकं पुन्हा काढली. सगळीकडून सासूबाई एका फटक्यात गायब. अगं बाई, हे असं असतं होय!

"आता आलं तुम्हाला, मॅडम," सर म्हणाले. "नोकरीचं मात्र कंपनीचं उत्तर आल्यावर बघू."

घरी सांगितलं. वाटलं, आता महालभर करतील. पण सासूबाईंनी एवढंच विचारलं,

"मोटरीच्या पुस्तकातबी होतं?"

"होतं ना, आई."

"आन् आता काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे धरलं. त्याचं टोक मिक्सरनं नेलंय, मी या घरात यायच्या आधीच.

"हे वाचता वाचताच बोट जाते ना वं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारून पुन्हा ओळ बदलली: ‘आधी बटन बंद करा. मगच हात घाला.’ कंपनीनं ती ओळ ठेवली, आणि सरांनी मला.

मिक्सरचं छापील पुस्तक घरी आणलं. सासूबाईंनी चष्मा लावून त्याच बोटानं ती ओळ वाचली. "बरं हाय. पण माह्यं ‘वं’ काहून काढलं?"

दिवाळीला पेढे मात्र शब्दाप्रमाणे वाटले. दारोदार, पुस्तक काखेत मारून. मी मागे उभी, आणि त्या शेजारणींना सांगतायत, "सांगतलं मी. लिवलं हिनं."