वाळ्यांसकट

शहागंजातल्या सराफानं आज माझ्या लेकीचे लहानपणीचे चांदीचे वाळे काट्यावर टाकले, आणि मला दवाखान्यातला काटा आठवला. वर्षभराची लेक त्यावर रडत होती. नर्स वाळे काढायला लागली, तशा सासूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या वो, तेवढंच वजन भरंल!”

तरी कमीच भरलं. नर्स म्हणाली, “खाऊ घाला, पण पाजणं सोडू नका.” सासूबाई म्हणाल्या, “अंगावरचं तोड, मंगच जेवंल लेकरू.” लेकीच्या रडण्यानं मला पान्हा फुटला, पदर भिजला, आणि मी नुसती काट्याकडं बघत राहिले.

सासूबाई माझ्या दुधाला नावं ठेवतात, असंच तेव्हा वाटायचं. की त्याही घाबरल्या होत्या?

“ताई, मोडायचे का उजळायचे?” सराफानं विचारलं.

मी पुन्हा काट्याकडं बघत राहिले.