एका सुईचं बिल

पाटी डॉक्टरांनी हौसेनं करून आणली होती. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत 'वेदनामुक्ती केंद्र' आणि खाली बारीक टायपात त्यांच्या पदव्या. भोरच्या एसटी स्टँडजवळ, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीबाहेर ती लागली, त्याच आठवड्यात मी तिथं नोकरीला लागले. आता वेदना हा शब्द आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात असतो. माणसाला दुखतं, कळ येते, ठणका लागतो, चमक भरते; वेदना कुणाला होत नाही. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाटी वाचली ती आपल्या ओळखीच्या शब्दाप्रमाणे, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र.

पहिली पेशंट आली ती वेल्ह्याकडची एक बाई, नवऱ्याच्या दंडाला धरून. मी दोघांना आत पाठवलं. डॉक्टर पुण्याचे, भल्या मोठ्या हॉस्पिटलांत आयुष्यभर भूल देण्याचं काम केलेले, आणि उतारवयात दुखण्यावरचं नवं शास्त्र शिकून आलेले. त्यांनी बाईला विचारलं, कधीपासून आहे?

"लग्नाच्या आधीपास्नं. मला कुनी सांगितलं न्हाई."

"जास्त कधी होतं?"

"सांजच्याला लई."

"नेमकं कुठं?"

"स्टँडच्या मागं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. उलगडा झाल्यावर त्यांनी बाईला नम्रपणे सांगितलं की इथं दारू सोडवत नाहीत, दुखणं घालवतात. नवरा तेवढ्यात संधी साधून म्हणाला, गुडघा दुखतोय. डॉक्टरांनी गुडघ्यात सुई दिली. महिन्याभरानं ती बाई एकटीच आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली की गुडघा झ्याक झालाय, आता माणूस स्टँडमागं पहिल्यापेक्षा लवकर पोचतो. डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, उपचार यशस्वी झाला.

खरी अडचण पुढं होती. ज्यांचं खरोखर दुखत होतं ते त्या पाटीखालून यायला लाजत. शिवऱ्याचे एक निवृत्त मास्तर पाठीनं वाकलेले असूनही खाली दुकानात खोकल्याची बाटली घ्यायचे आणि मग दुकानाच्या मागच्या जिन्यानं वर यायचे. मी डॉक्टरांना म्हटलं, सर, पाटी बदला, साधं 'अंगदुखीचा दवाखाना' लिहा. ते दुखावले. वेदना हाच शब्द शास्त्राला धरून आहे, लोकांनी वाचायला शिकावं, असं त्यांचं मत पडलं. लोक काही शिकले नाहीत.

पैशाच्या बाबतीतही आमच्या लोकांचा एक सरळ हिशेब असतो. सलाईनची बाटली लटकली की पैसे वसूल. गोळ्यांची पुडी हातात पडली की अर्धे वसूल. डॉक्टर अर्धा तास शांतपणे बोलले, तर ते फुकट, कारण बोलायला काय जातंय. आणि डॉक्टरांचं सगळं काम तर एका सुईचं. ती सुई कुठल्या शिरेपाशी न्यायची हे शिकण्यात त्यांची वर्षं गेली होती, पण वर्षं दिसत नाहीत, सुई दिसते. "एवढीशी सुई तर टोचली," असं म्हणत माणसं खिशात हात घालायची आणि हात तिथंच ठेवायची.

मी हसायचे. मग एक दिवस कळलं की पुण्यातल्या काचेच्या ऑफिसात बसणारी शिकलेली माणसंही अगदी हेच म्हणतात, फक्त इंग्रजीत.

माझी नेमणूकच त्यांच्याशी भांडायला झाली होती. हायवेवर तेव्हा कारखाने आले होते, कारखान्यांबरोबर कामगारांचा आणि त्यांच्या आईवडलांचा आरोग्यविमा आला, आणि विम्याबरोबर त्याची बिलं तपासून नामंजूर करणारी एक वेगळीच जमात आली. डॉक्टरांना सुई धरता येत होती, भांडता येत नव्हतं. माझ्या घरात मात्र तीच विद्या होती. अब्बा भोरच्या कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. त्यांच्या अर्जात शेवटी 'सबब विनंती की' असं यायचंच. मला ते म्हणायचे, आपण लिहितो ती सबब म्हणजे कारण, आणि साहेब लिहितो ती सबब म्हणजे बहाणा. दोन्ही एकाच कागदावर राहतात, म्हणून कागद जाड घ्यावा.

किकवीच्या मावशी आमच्याकडे आल्या त्या अशाच विम्याच्या पेशंट म्हणून. त्यांचा मुलगा हायवेवरच्या कारखान्यात होता. मावशींच्या डाव्या गालात कळ यायची. कळ म्हणजे चमक. वीज पडल्यासारखी यायची आणि काही क्षणांत जायची, पण दिवसातून कितीदा येईल याला सुमार नव्हता. तोंड धुतलं की यायची, घास चावला की यायची, वाऱ्याची झुळूक लागली तरी यायची. दातांचं असेल म्हणून त्यांनी डावीकडचे मागचे सगळे चांगले दात एकेक करून काढून टाकले होते. कळ तिथंच राहिली, दात तेवढे गेले. त्या यायच्या त्या उन्हाळ्यातही कानटोपी घालून, वरून पदर गुंडाळून, आणि बोलायच्या अर्ध्या तोंडानं.

डॉक्टरांनी त्यांना गावातल्याच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथलं ऑपरेशनचं थिएटर भाड्यानं घेतलं, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत गालातून लांब सुई कवटीच्या तळाच्या भोकापर्यंत नेली आणि तिथली शीर बधिर केली. संध्याकाळी मावशी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला की आईनं भाकरी खाल्ली, दुधात कुस्करून नव्हे, चावून. पण असा उपचार काही महिने टिकतो, मग पुन्हा करावा लागतो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

बिल विम्याकडे गेलं. थिएटरचं भाडं डॉक्टरांनी स्वतःच्या खिशातून दिलं होतं, विम्याचे पैसे आले की वळते करून घेऊ म्हणून.

पहिलं उत्तर आलं, पेशंट एक रात्रसुद्धा दाखल नव्हता, सबब नामंजूर. मी लिहिलं की बरं झालेल्या माणसाला रात्रभर कशाला डांबून ठेवायचं. दुसरं उत्तर आलं, हे केवळ इंजेक्शन आहे, सबब नामंजूर. मी सुईची लांबी, कवटीचं भोक, एक्स-रेचे फोटो सगळं जोडून पाठवलं. तिसरं उत्तर आलं ते वाचून मी जिन्यातच बसले. व्यसनमुक्तीचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत, सबब नामंजूर. आमच्या शिक्क्याची शाई जरा फाकली होती. तिथल्या कुणीतरी 'वेदना'चं 'व्यसन' वाचलं होतं.

डॉक्टर मराठी लोकांच्या वाचनावर काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे बिल पास झालं नाही तर दिवाळीनंतर भोर बंद. मी परत भूल द्यायला जातो. तिथं निदान कुणी म्हणत नाही की नुसतं झोपवलं तर होतं."

माझी नोकरी जाणार हे होतंच, ते कशाला लपवू. पण मावशींची कळ परत सुरू झाली होती. पुणं त्यांना झेपणार नव्हतं, आणि एसटीच्या खिडक्या काही बंद होत नाहीत.

त्याच सुमारास पुण्यात दुखण्याच्या डॉक्टरांच्या संघटनेची सभा होती. विषय, आपल्या कामाचा योग्य मोबदला. डॉक्टर मला घेऊन गेले. मोठा हॉल, मऊ दिसणाऱ्या कडक खुर्च्या. एकेक डॉक्टर उठून विमावाल्यांनी कसं नाडलं ते सांगत होता, आणि बाकीचे ऐकत होते त्यात पेशंटच्या नातेवाइकांसारखं दुःख होतं. दुपारपर्यंत दोघातिघांच्या कमरा धरल्या. एवढे वेदनातज्ज्ञ एका छताखाली, पण खुर्ची बदला असं कुणी म्हणेना. शेवटी ठराव झाला की सभासदांच्या व्यथेची दखल घेण्यात यावी. दखल कुणी घ्यायची ते ठरायच्या आत जेवण लागलं. श्रीखंड चांगलं होतं, खोटं का बोला.

परत येताना गाडीत मी म्हटलं, सर, सोनाराकडूनच कान टोचून घेऊ. मावशींना घेऊन विमावाल्यांच्या ऑफिसातच जाते.

मावशींचा मुलगा कुणाची तरी जीप मागून घेऊन आला. काचा वर, मावशी मध्ये बसलेल्या, गालावर पदर. बिलं तपासणारा तिथला डॉक्टर तरुण होता आणि वागायला अगदी सभ्य. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाला की इथं व्यसनमुक्ती पडलंय, आणि एकदा पडलं की ते बदलता येत नाही. मी सांगितलं की शब्द वेदना आहे. तो म्हणाला, असेल, पण नक्की करायला हवं. मग मावशींकडे वळून त्यानं प्रेमानं विचारलं, "आजी, तुम्हाला काही व्यसन?"

मी मावशींच्या पायावर पाय देणार तेवढ्यात त्या बोलून गेल्या. "मिसरी लावते की. म्हंजी लावायची. आता गालाला हात लागत न्हाई."

तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आमच्याकडच्या निम्म्या बायका सकाळी दातांना लावतात आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही. मावशींनी कधी खोटं बोलायचा सराव केलेला नव्हता. तरुण डॉक्टरानं माझ्याकडे पाहिलं, आणि कॉम्प्युटरमध्ये काहीतरी भरायला लागला. माझा संताप संताप झाला. मावशींवर, त्याच्यावर, पाटीवर, शास्त्राला धरून असलेल्या त्या शब्दावर.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि उकडतंय म्हणून त्यानं टेबलावरचा पंखा आमच्याकडे वळवला.

मावशींचा पदर उडाला. त्यांनी टेबलाची कड धरली. ओरडल्या नाहीत, नुसतं तोंड वाकडं झालं आणि डाव्या डोळ्यातून पाणी आलं. कपातला चहा हिंदकळून त्याच्या कागदांवर सांडला. तो उठून उभा राहिला. "काय होतंय यांना?"

"हेच," मी म्हटलं. "ह्याचंच बिल आहे."

त्यानं स्वतः पंखा बंद केला. कळ गेली तरी मावशी हलायला तयार नव्हत्या, हललं की पुन्हा येईल म्हणून. त्यानं विचारलं, दिवसातून किती वेळा? मावशींनी हातानंच दाखवलं की मोजत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. त्या दिवशी निदान त्याला दिसलं तरी. जरा वेळानं तो म्हणाला की हे कागदावर येत नाही. केंद्राचा शिक्का न मारता, डॉक्टरांच्या नावाच्या साध्या कागदावर नवं बिल पाठवा, आणि सुई म्हणू नका, शस्त्रक्रिया म्हणा. जाताना त्यानं मावशींना हात जोडले. मिसरीचं त्यानं काय भरलं होतं ते मी विचारलं नाही.

बिल पास झालं. दिवाळीच्या आधी पत्र आलं. थिएटरचं भाडं मंजूर. कापूस आणि पट्ट्या मंजूर. एक सलाईनची बाटली मंजूर, जी आम्ही लावलीच नव्हती आणि बिलातही लिहिली नव्हती. डॉक्टरांच्या कामापुढं लिहिलं होतं, इंजेक्शन, एक. रक्कम गावातला कंपाउंडर तापाच्या सुईला घेतो तेवढी.

मी ते पत्र डॉक्टरांना द्यायला घाबरत होते. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"पास झालंय ना?" त्यांनी विचारलं.

"झालंय, सर."

"मी 'पास झालं नाही तर बंद' म्हटलं होतं," ते म्हणाले. "किकवीला फोन लावा."

मावशींना दुसऱ्यांदा सुई दिली त्या संध्याकाळी त्या आमच्या खोलीत बाकावर बसल्या होत्या. मुलगा जीप आणायला गेला होता. कानटोपी काढून मांडीवर ठेवलेली, पदर खांद्यावर. भिंतीवर तंबाखूनं सडलेल्या जबड्याचं चित्र होतं, डॉक्टरांनीच लावलेलं. मिसरी लावणाऱ्या बायकांना ते चित्रापुढं उभं करून झापायचे. मावशींनी कमरेची चंची सोडली, डबी काढली, चिमूटभर काळी पूड तळहातावर घेतली आणि बोट तोंडात घातलं. आधी उजवीकडे. मग थांबल्या. मग हळूच डावीकडे.

डॉक्टर दारात आले होते. मला वाटलं आता झापणार, आणि मी मध्ये पडायला उठलेही. पण ते बोटाकडे बघत होते. बोट हिरडीवरून मागं मागं गेलं, जिथले दात काढले होते तिथपर्यंत.

"मागपर्यंत जातंय?" त्यांनी विचारलं.

मावशींनी बोट न काढता मान डोलावली. डॉक्टर आतून पेलाभर पाणी घेऊन आले आणि चूळ भरायला त्यांच्या हातात दिला.