उत्तर न देणारी पेटी

डॅन पेटी परत न्यायला आला होता आणि हरपालजी त्याला घरून आणलेला पराठा वाढत होते. पाहुणा काय न्यायला आलाय, हे पंजाबी माणूस जेवण झाल्यावर बघतो.

मोहालीच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही हेलिकॉप्टरमधली एक पेटी तपासायचो. जमिनीवरचं रडार विचारतं, ‘आपला का?’ पेटी सांकेतिक उत्तर देते, ‘आपलाच.’ उत्तर चुकलं तर आपलंच क्षेपणास्त्र आपल्याच माणसावर सुटू शकतं. पेटी डॅनच्या देशाची, तो ती बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. हरपालजी आमचे सीनियर. त्यांची मुलगी सिमरन पायलट, आणि तिच्या हेलिकॉप्टरमध्ये हीच पेटी. हेलिकॉप्टर जोरात वळलं की उत्तर उशिरा येतं, हा दोष हरपालजी आणि डॅननं मिळून शोधला होता. त्या दिवशी डॅननं चंदीगडच्या सेक्टर २२ मधून सगळ्यांसाठी जिलेबी आणली होती.

मग आपल्या सरकारनं नवी क्षेपणास्त्रं घेतली, ती डॅनच्या देशाच्या जुन्या वैऱ्याकडून. कारण रास्तच होतं, अडचणीत तोच देश आपल्यामागे उभा राहिलेला. पण त्या क्षेपणास्त्रांच्या रडारला ही पेटी जोडली तर आतलं गुपित पलीकडे पोहोचेल, अशी डॅनच्या सरकारला धास्ती. त्यांनी पेटीचा परवाना थांबवला. दुरुस्तीही थांबली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं.

मी बॉसशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, “दिल्ली का मामला है मॅडम, पॅक करवा दो.”

हात धुऊन हरपालजींनी डॅनला विचारलं, “वो देरी का इलाज मिला? बस हाँ या ना बोल दे, पुत्तर.”

डॅननं ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं तो त्यांना ‘पाजी’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा.

“आय कान्ट आन्सर दॅट, सर.”

डॅनचे डोळे भरले होते. तरी त्यानं पेटीला सील लावलं, सही घेतली आणि तो गेला.

आता आपली स्वतःची पेटी बनते आहे. वेळ लागेल. तोवर हेलिकॉप्टरांमध्ये उशिरा उत्तर देणाऱ्या जुन्याच पेट्या उडताहेत.

या धंद्यानं मला एक शिकवलं. उत्तर न देणाऱ्याला रडार लगेच शत्रू ठरवत नाही. पडद्यावर नुसतं ‘अनोळखी’ असं उमटतं. देशांचंही तसंच असावं.

हरपालजी रोज संध्याकाळी सिमरनला फोन लावतात. ती “हांजी पापा” म्हणेपर्यंत समोरच्या चहाला हात लावत नाहीत.