दुसरी आक्का

तिला सगळे फोनवाली म्हणत आणि तिला ते आवडायचं. वय पन्नाशीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र विशीतल्या मुलीचा. त्या आवाजावरच तिची नोकरी चालली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन जायचा: "ठीक आहात ना? असाल तर एक दाबा, मदत हवी असेल तर दोन." फोन कॉम्प्युटर लावायचा, आवाज हिचा, आधीच रेकॉर्ड केलेला. ज्याला जी हाक हवी ती तिने स्वतः बोलून ठेवली होती. मास्तर, नर्सबाई, शिंपीकाका. यादीत पहिलं नाव आक्काचं. आक्का म्हणजे फोनवालीची सख्खी आत्या. आईच्या माघारी तिनेच हिला लहानाचं मोठं केलं होतं.

फोन लावणारा प्रोग्रामही फोनवालीनेच लिहिलेला. मूळ प्रोग्राम आधी आक्काला फोन लावायचा आणि मग बाकीच्यांसाठी आपल्या प्रती काढायचा, एका माणसाला एक प्रत. प्रत निघते ती मूळ प्रोग्रामचंच, म्हणजे आक्काचं, नाव घेऊन निघते. नंतर तिला तिचं नाव लावावं लागतं. तयार फंक्शनांच्या लायब्ररीत त्यासाठी दोन फंक्शनं असतात: एक चालू प्रोग्रामला त्याचं नाव विचारतं, दुसरं त्याला नवं नाव लावतं. लावताना कोणी ओळखपत्र मागत नाही. म्हणून सकाळी स्क्रीनवर आकड्यांऐवजी माणसं दिसायची. मास्तर चालू आहेत, नर्सबाई संपल्या. बघायला मजा यायची.

आणि इथेच फोनवालीने आळस केला. हाक मारताना किंवा मदतीची घंटा वाजवताना यादी कोण चाळत बसणार? प्रोग्रामलाच विचारायचं, बाबा रे, तुझं नाव काय? तो सांगेल ते खरं. नव्या माणसांचे फोन नंबर मुख्य कार्यालयातून आपोआप यायचे, नाव-पत्त्याचे फॉर्म मात्र टपालाने, रमतगमत. नाव आलेलंच नसेल तर प्रतीने काय करायचं, हे लिहायचं तिने उद्यावर टाकलं होतं. तो उद्या काही उजाडला नाही.

तीन आठवडे स्क्रीनवर रोज दोन आक्का दिसत होत्या. पहिल्या दिवशी फोनवाली मनापासून हसली. "आमची आत्या एकटीच दोघींइतकं बोलते, दोन ओळी लागणारच," असं शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला म्हणाली आणि विसरून गेली.

गुरुवारी नवाला दहा मिनिटं कमी असताना घंटा झाली. स्क्रीनवर लाल अक्षरांत: आक्का, मदत.

तिने लगेच आत्याचा नंबर फिरवला. दुसऱ्याच रिंगला आत्याने उचलला.

"आत्या! काय झालं गं?"

"मला काय धाड भरलीय? चहा पितेय. मघाशीच नाही का तुझ्या त्या फोनला एक दाबला? आणि तिकडे घंटा कसली वाजतेय एवढी?"

घंटा थांबत नव्हती. आत्या कानात चहा फुंकत होती आणि स्क्रीनवर आक्का मदत मागत होती. फोनवालीने आत्याचा फोन ठेवला, हेडफोन चढवले आणि त्या दुसऱ्या ओळीवर कान दिला. आधी तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "आक्का, घाबरू नका, मदत येते आहे." थोडं थांबून पुन्हा तेच, तितकंच गोड. त्या आवाजाखाली कोणीतरी धापा टाकत होतं.

तिने रेकॉर्डिंग बंद केलं. "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी आक्का."

बाई म्हातारी होती, पण हा आवाज फोनवालीने जन्मात कधी ऐकला नव्हता.

"तुमचं खरं नाव काय, आजी?"

"आक्काच. तूच तर रोज सकाळी सांगतेस."

"पण त्याआधी? त्याआधी काय होतं?"

बाई म्हणाली, "होतं काहीतरी. पहिल्यांदा तुला सांगितलंही मी, पण तू ऐकलं नाहीस. मग वाटलं, माझंच चुकत असेल. इतक्या गोड आवाजात कोण कशाला खोटं सांगेल?"

फोनवालीने विचारलं, "झालंय काय तुम्हाला?"

"पडलेय गं. पाय खाली दुमडलाय, उठवत नाही. डोळ्यांपुढे अंधार येतोय."

"घर कुठे तुमचं?"

"घरातच आहे ना मी."

या नव्या नंबरचा फॉर्म अजून आलेला नव्हता. दुसऱ्या फोनवरून विचारलं तर टेलिफोन कंपनीतला माणूस म्हणाला, पत्ता हवा तर लेखी अर्ज करा. तेवढ्यात नऊचा भोंगा झाला. खिडकीतून आला आणि हेडफोनमधूनही आला, एकाच क्षणी, एकाच जोराने. बाई इथेच होती, हाकेच्या अंतरावर.

हेडफोन कारकुनाच्या डोक्यावर चढवून, "यांना बोलतं ठेव," असं सांगून फोनवाली जिन्यावरून धावत सुटली. गुडघ्यांची आठवणही झाली नाही. दोन इमारतींत एकटी राहणारी म्हातारी कोणी नव्हती. तिसरीतला पहारेकरी म्हणाला, "चौथ्या मजल्यावर असते एक, एकटीच. नाव... आम्ही चौथ्या मजल्यावरची म्हणतो."

दारावर पाटी नव्हती. तिने दार बडवलं आणि कोणती हाक मारावी हे न सुचून ओरडली, "आक्का!"

"आले गं, आले," आतून उत्तर आलं. पण आलं कोणीच नाही. त्याच वेळी आतल्या फोनमधून तिचाच आवाज घुमला, "आक्का, घाबरू नका, मदत येते आहे." कारकुनाने घाबरून भलतंच बटण दाबलं होतं. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना आपण आहोत, असं फोनवालीला वाटलं. पहारेकऱ्याने कुलूप तोडलं.

बाई वाचली. मांडीचं हाड मोडलं होतं, ते बसवलं. डॉक्टर म्हणाले, विसराळूपणा आधीपासूनचा असणार, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शनिवारी टपाल आलं आणि त्यात बाईचा फॉर्म होता. बाईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तिच्याच हातचं, खाली ठसठशीत सही. तारीख महिन्यापूर्वीची. महिन्यापूर्वी या बाईला आपण कोण ते नीट ठाऊक होतं. फोनवाली त्या सहीकडे बघत राहिली, मग फॉर्म घेऊन इस्पितळात गेली.

कॉटशेजारी बसून तिने फॉर्मवरच्या नावाने हाक मारली, अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. बाई छताकडे बघत होती. तिने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा बाई वळली, शेजारच्या कॉटवर झोपलेल्या पेशंटकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "त्यांना हलवून बघ गं. ऐकू येत नसेल बिचारीला."

फोनवालीने फॉर्मची घडी घातली. ती म्हणाली, "आक्का."

"हं, बोल," बाई हसून म्हणाली.