खंडेनवमीचा मेकॅनिक

गेल्या खंडेनवमीला दुपारी एक वाजता मंगोलियातल्या गोबी वाळवंटात, एका खाणीच्या फाटकासमोर माझी ड्रायव्हरसकट भाड्याने घेतलेली जीप बंद पडली. आठवड्यातलं एकमेव विमान दुसऱ्या दिवशी पहाटे होतं. मी मराठीत चरफडलो, तसा फाटकातला मेकॅनिक हसला. तो चाकणजवळच्या गावचा, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला निघाला.

“आज पाना उचलत न्हाई आमी. हत्यारं पुजेला हायेत,” तो म्हणाला.

“अहो, माझं विमान चुकेल!”

“एवढ्या लांब आलाच कशाला राव?”

“मोकळा माळ बघायला.”

“माळ तर आमच्या चाकणला लई होता. कंपन्यांच्या आधी यायचं.”

मग त्याने माझ्या मंगोल ड्रायव्हरच्या टूलबॉक्सकडे पाहिलं. “ह्याची हत्यारं पुजली न्हाईत ना? मग हात ह्याचा, अक्कल माझी.”

दोन्ही हात पाठीमागे बांधून तो बॉनेटवर वाकला. कुठला नट सोडायचा, कुठली नळी फुंकायची, हे तो हनुवटीने दाखवत होता आणि अस्सल मराठीत ड्रायव्हरला झापत होता. ड्रायव्हर मुकाट्याने करत होता.

तीन चाळीसला जीप सुरू झाली. तोवर त्याने एकाही हत्याराला हात लावला नव्हता.