जनूभाऊंची जीभ

बदलापूर गावातल्या जनूभाऊंच्या जिभेला अख्खं घर टरकून असे. आमटीत चिमूटभर मीठ कमी पडलं की ताट सरकवून म्हणायचे, "आळणी!" बायको अंजनी म्हणे, "जीभ नव्हे, पोलीसचौकी आहे मेली."

पण त्याच जिभेने त्यांना मान मिळवून दिला होता. मालवाहू बार्जसाठी खाडीतला कालवा खोल केला, तर भरतीबरोबर खारं पाणी किती वर चढेल, याचं गणित अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवर मांडत होते. जनूभाऊ होडीतून पाण्याचे नमुने आणायचे. खारटपणा मोजणारा मीटर बुडवण्याआधी एक थेंब जिभेच्या शेंड्याला लावून थुंकायचे आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे : गोडं, मचूळ किंवा खारट. मीटर मागाहून तेच सांगे. त्यांची लेक श्रद्धा तिथेच या गणिताचं मॉडेल चालवायची आणि बापाच्या, तिच्या आप्पांच्या, जिभेवर भारी मिरवायची.

यंदा मीटर बिघडला, दोन महिने दुरुस्तीत अडकला. कंपनीचे साहेब निर्धास्त होते. "जनूकाका है ना!" श्रद्धाने शेऱ्यांचे आकडे करून मॉडेलमध्ये भरले, तर मॉडेल अडून बसलं. पौर्णिमेच्या उधाणाला ते म्हणे खारट आणि आप्पांचा शेरा, गोडं. तिने आठवडाभर मॉडेलचेच कान पिळले. तळाची खोली बदलली, नदीचं पाणी वाढवून पाहिलं. बापाचा शब्द चुकेल, हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

रविवारी दुपारी जेवताना पहिल्याच घासाला ती थांबली. आई आमटीत मीठ घालायलाच विसरली होती. आप्पा मात्र मजेत भुरके मारत होते.

"आप्पा, कशी झालीय?"

"बेस!"

अंजनी हसली. "दोन महिने झाले, जेवणाला एकदा नाव नाय ठेवलं. म्हटलं, म्हातारपणी का होईना, शहाणपण आलं."

श्रद्धाला उधाणाचा 'गोडं' हा शेरा आठवला. तिने मिठाची बरणी पुढे केली. "हे चाखा, आप्पा."

त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. मग आणखी चिमूटभर. त्यांचा चेहरा उतरत गेला, तिला बघवेना.

"मग माझे शेरे?" त्यांनी विचारलं.

"काढावे लागतील. दोन महिन्यांचे सगळे."

"काढ. खोट्या पाण्यावर कालवा खणायचा नाय."

सोमवारी तिने एकेक शेरा पुसला, मॉडेलमधले फेरफारही मागे घेतले. मीटरच्या जुन्या आकड्यांशी मॉडेल झटक्यात जुळलं. साहेबांनी शाबासकी दिली, आणि ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

त्या संध्याकाळी अंजनीने आमटीत मोजूनमापून मीठ घातलं. सवयीनेच नवऱ्याला विचारलं, "बघा, आता बरोबर आहे का?"

आप्पांनी घोट घेतला. मग वाटी लेकीकडे सरकवली.

"तू सांग, पोरी."