लाल रंग विचारून गेलेली बाई

मी मेडिकलवाला माणूस. देऊळघाटला दुकान, मागे घर. भूतखेत, बाहेरचं वगैरे सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसत आलोय. आज लिहितोय तेही भीतीने नाही, लाज वाटते म्हणून.

बायकोचं, सुनंदाचं, नाक सहा वर्षं चोंदलेलं. सायनस. वास कळेना, कपाळ जड. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला होता. मी म्हटलं, घरचं दुकान असताना कशाला? नाकाचे थेंब देत राहिलो. दोन तास बरं... की पुन्हा थेंब.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिचा डावा डोळा सुजला. "अहो, मले एकाचे दोन दिसून राह्यले." मी गिऱ्हाईकात होतो. "डोळे आले असतील," म्हणून एक ड्रॉप हातात दिला. वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी ती दुकानात आली. "घरात एक सिस्टर आली होती. मले उजवा डोळा झाकाले लावला अन् माही लाल बांगडी दाखोली. म्हणे, रंग कसा दिसते माय? मले विटकरी दिसली. त म्हणे, आजच बुलढाण्याले जाय, उद्या नाही."

आमच्या घरात जायची वाट एकच, माझ्या काउंटरसमोरून. कोणीही आलं नव्हतं.

तरी गेलो. संध्याकाळीच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सायनस आणि डोळ्यामध्ये कागदाएवढं पातळ हाड असतं. पू त्यातून डोळ्यामागे गेला होता. नस दाबली गेली की आधी लाल रंग फिका पडतो, मग नजर जाते. उद्या आला असतात तर डोळा गेला होता.

मी सुनंदाला विचारलं, बाई कशी होती? "ठेंगणी. घड्याळ मनगटाच्या आतून बांधेल होतं. डाव्या कानानं ऐकू कमी येत असन, सारखी उजवा कान पुढं करे."

या सगळ्या खुणा माझ्या ओळखीच्या होत्या. आमच्या गावच्या दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर... माझ्या लग्नाआधीच वारल्या. सुनंदाने त्यांना कधी पाहिलेलं नाही. याच थेंबांवरून त्या एकदा काउंटरवर भांडल्या होत्या — "चिठ्ठीबिगर काऊन देतं बे? लोकायचं वाटोळं करशीन." मी चार लोकांसमोर म्हणालो होतो, "तुम्ही तुमचं इंजेक्शन सांभाळा, बाई."

खूप डोकं चालवलं, अजून उलगडा नाही. सुनंदाला त्यांना साडी-चोळी करायची आहे. दर आठ दिवसांनी विचारते, "त्या सिस्टर राह्यतात कुठं हो?" तिला खरं सांगायचं, तर ते भांडणही सांगावं लागेल, आणि माझी जीभ उचलत नाही.

मी सांगतो, त्यांची बदली झाली.